चौदा नंबरचं टॅनिन

दिवाळीची सुट्टी संपली आणि सोमवारी सकाळी मी प्रयोगशाळा उघडली तेव्हा फरशीवर पाणी होतं. पाणी हिरवट होतं. डीप फ्रीजचं झाकण उचललं आणि लगेच खाली टाकलं, इतका वास आला. सुट्टीत एक फेज गेला होता. व्हरांड्यातले दिवे चालू होते, त्यामुळे वॉचमनला काही कळलं नव्हतं. आत दशरथ घासाच्या अठरा वाणांची पानं होती. प्रत्येक वाणाच्या तीन पिशव्या, एकूण चौपन्न. सगळी काळी पडून पिशव्यांना चिकटली होती.

डॉ. उगले आले ते नाकाला रुमाल लावूनच. आमच्या चारा संशोधन केंद्राचे ते प्रमुख.

"किती वाचल्या?"

"एकही नाही, साहेब."

"मॅडमना सांगितलंत?"

"मी आत्ताच बघितलं."

"मग सांगू नका," ते म्हणाले. "त्यांच्या तब्येतीला हे झेपायचं नाही."

मॅडम म्हणजे माझी बायको, हेमलता. ती तिथे रसायनशास्त्राची तांत्रिक सहायक होती आणि मी प्रयोगशाळा परिचर. ती बी.एस्सी., मी दहावी. केंद्रात ती मला "भोईटे" म्हणायची आणि मी तिला "मॅडम". घरी आल्यावर "अहो" आणि "हेमा". लोक हसायचे. उगले साहेबच एकदा म्हणाले होते, "भोईटे, तुम्ही एकटेच बघा, बायकोची बोलणी खायचा पगार घेणारे." तीही हसली होती.

त्या दिवाळीत ती नगरला दवाखान्यात होती. पोटात पाणी होत होतं. आधी गाठ निघाली होती, मग ऑपरेशन झालं, मग पुन्हा पाणी. डॉक्टर आता काढायचे आणि आठवड्यात ते पुन्हा भरायचं. तिची धाकटी बहीण वत्सला दिवसभर तिच्याजवळ बसायची. मी रोज दुपारी फाट्यावरून एसटी पकडून चार ते सहा या वेळात जायचो.

हे टॅनिनचं काय होतं ते सांगतो. दशरथ घास झुडपासारखा वाढतो, शेंगा धरतो, शेळ्यांना चालतो. पण त्याच्या पानात टॅनिन असतं. चहा फार उकळला की जो तुरटपणा येतो, तोच. थोडं असलं तर बिघडत नाही. जास्त असलं की शेळी तोंड फिरवते, आणि खाल्लं तरी चाऱ्यातलं प्रथिन अंगी लागत नाही. समितीने मर्यादा घातली होती, दोन वर्षांची सरासरी तीन टक्क्यांच्या आत पाहिजे.

अठरापैकी चौदा नंबर हेमलताने शोधलेला होता. तिच्या माहेरी करंजवणला ओढ्याच्या काठावर तिला ती झुडपं दिसली होती. मे महिन्यात बाकी सगळं वाळलेलं असताना ती हिरवी होती. शेंगा तिने रुमालात बांधून आणल्या. केंद्रात लावल्यावर पाला इतका आला की उगले साहेब स्वतः वाफ्यात फोटो काढून घ्यायला उभे राहिले. पण पहिल्या वर्षी टॅनिन आलं तीन पॉइंट तीन.

"कापणीला उशीर झाला होता," ती म्हणायची. "कळ्या धरल्या होत्या. कोवळ्या पानाचं घ्या, दोन पॉइंट सात येतं की नाही बघा."

ते दुसऱ्या वर्षीचे नमुने त्या फ्रीजमध्ये होते. तिने स्वतः कापलेले. पोट दुखत असताना, मध्ये मध्ये बांधावर बसून.

समितीची बैठक पुढच्या सोमवारी पुण्यात होती. साहेब रविवारी निघणार होते.

"शुक्रवारपर्यंत मला आकडे द्या," ते म्हणाले. "उद्या परत कापा. फुटवे आहेत ना?"

"आहेत. पण एका आठवड्यात कळ्या येतील."

"मग उद्याच. तुम्ही अकरा वर्षं मॅडमच्या हाताखाली आहात. मला यातलं काही येत नाही, मी वाण तयार करणारा माणूस. तुम्हाला येतं."

मला येत होतं. पान कसं खुडायचं, कसं वाळवायचं, कसं दळायचं, आम्लात घालून उकळत्या पाण्यात तासभर कसं ठेवायचं, सगळं पाठ होतं. टॅनिन असेल तितकं पाणी लाल होतं, तो लालपणा मशीन मोजतं.

त्या दुपारी दवाखान्यात गेलो तर वत्सला मोसंबी सोलत होती. हेमलता उशीला टेकून बसली होती. हात काटक्यांसारखे आणि पोट मोठं.

"नमुने कधी वाळवायला घालणार?" तिने पहिलं हेच विचारलं.

"उद्या. मंगळवारी."

"फ्रीज ठीक आहे ना? सुट्टीत लाइट जाते."

"ठीक आहे."

"दाजी," वत्सला म्हणाली, "बायको कशी आहे हे विचारायच्या आत तुमची हजेरी सुरू होते. दवाखाना आहे का शाळा?"

"तू गप," हेमलता म्हणाली. "पंचेचाळीस अंश, अहो. त्याच्या वर नको. छोट्या ओव्हनचा काटा कधी कधी सरकतो, बघत राहा."

मंगळवारी सूर्य वर यायच्या आत मी एकट्याने अठराही वाफ्यांतले थोडे थोडे फुटवे कापले. पानं खुडून, नगरहून आणलेल्या बर्फाच्या पेटीत ठेवली; फ्रीज अजून दुरुस्त व्हायचा होता. प्रयोगशाळेत दोन ओव्हन होते. छोटा टॅनिनसाठी, पंचेचाळीसवर लावलेला. मोठा एकशे पाचवर, चाऱ्यात पाणी किती ते काढायला. छोट्यात नऊ ट्रे बसायचे आणि पान वाळायला दोन दिवस लागायचे. एक ते नऊ नंबर मी छोट्यात घातले. दहा ते अठरा पेटीत ठेवले, वर ओलं फडकं. गुरुवारी पहिले निघाले की हे घालायचे, शनिवारी काढायचे, शनिवारीच दळून मोजायचे, असा हिशोब मी केला. साहेबांना शुक्रवार हवा होता, पण म्हटलं, हातापाया पडून शनिवार मागून घेऊ.

बुधवारी अकराला ऑफिसात फोन आला. वत्सला होती.

"दाजी, लगेच या. ताईला दम लागलाय. डॉक्टर म्हणतात पाणी वर चढलंय, छातीत."

मी पेटी उघडून बघितली. बर्फाचं पाणी झालं होतं. पानांच्या कडा काळ्या व्हायला लागल्या होत्या. जवळ बर्फ मिळायचा नाही. तशीच ठेवून गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत ती फ्रीजमधल्यासारखी झाली असती. आणि मी कधी परत येईन ते मला माहीत नव्हतं.

मोठ्या ओव्हनचं दार उघडून मी नऊ ट्रे आत सारले. दार लावलं आणि फाट्याकडे पळत गेलो.

मला माहीत नव्हतं, असं मी पुढे बरीच वर्षं मनात म्हणत आलो. त्या दारावर हेमलताच्या हातचा कागद चिकटवलेला होता, "टॅनिनचे नमुने यात ठेवू नयेत." कारणही तिने मला कित्येकदा सांगितलं होतं. फार तापवलं की टॅनिन नाहीसं होत नाही, ते पानातच घट्ट बसतं. मोजायला बाहेर येत नाही. आकडा कमी दिसतो, पान तुरटच राहतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी छातीतलं पाणी काढलं आणि तिला श्वास आला. मला बाहेर बोलावून म्हणाले, "आता दिवसांची गोष्ट आहे. कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा." मूलबाळ आम्हाला नव्हतं. मी कोणाला बोलावणार होतो? वत्सला होतीच.

गुरुवारी दोन्ही ओव्हन रिकामे केले. पानं दळली, रात्र दवाखान्यात काढली आणि शुक्रवारी पहाटेच्या एसटीने परत येऊन नळ्या भरल्या. साहेब आठला आले. तासाभराने मी नळ्या उकळत्या पाण्यातून काढून स्टँडवर लावल्या. एक ते नऊ गुलाबी, लाल, काही डाळिंबाच्या दाण्यासारख्या गडद. दहापासून पुढे सगळ्या फिक्या. चौदा तर जवळजवळ पाणी.

साहेब वाकून बघत राहिले.

"भोईटे! चौदा बघा!"

"हो, साहेब."

"मॅडम म्हणत होत्या तेच झालं की हो. किती आला?"

मशीनवर बघून मी सांगितलं, "एक पॉइंट एक."

"सरासरी दोन पॉइंट दोन. पास!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तोपर्यंत त्यांनी कधी माझ्या पाठीवर हात ठेवला नव्हता. "प्रस्तावात दुसरं नाव त्यांचं आहे, माहितीये ना? माझ्या खालोखाल. त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायला पाहिजे हे. त्यांची सही घेऊन या. रसायनाच्या तक्त्यावर त्यांचीच सही लागते."

कोणत्या ओव्हनमध्ये वाळवलं, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

मी तक्ता घेऊन दवाखान्यात गेलो तेव्हा ती आडवी होती, नाकात नळी. मला बघून तिने वत्सलाला उशी उंच करायला सांगितलं.

"निकाल लागला वाटतं," वत्सला म्हणाली. "पेढे आणलेत का नाही दाजी?"

"वाचा," हेमलता म्हणाली.

मी वाचलं. एक नंबर, तीन पॉइंट नऊ. दोन नंबर, दोन पॉइंट चार. तिने डोळे मिटले होते. चौदा आल्यावर मी आवाज जरा वर केला. एक पॉइंट एक.

तिने डोळे उघडले. मला वाटलं हसेल.

"परत वाचा. सावकाश."

मी परत वाचलं.

"एक नंबरचं मागच्या वर्षी चार होतं," ती म्हणाली. "दोनचं अडीच. पाचचं तीन पॉइंट सहा होतं, यंदा साडेतीन. नऊपर्यंत सगळे मागच्यासारखेच आहेत." दम घ्यायला ती थांबली. "अकराचं मागच्या वर्षी पाच होतं. यंदा?"

"एक पॉइंट सहा."

"सतराचं?"

"एक पॉइंट चार."

तिने नाकातली नळी नीट केली. मग म्हणाली, "भोईटे, किती अंशाला वाळवलं?"

दवाखान्यात तिने मला या नावाने कधी हाक मारली नव्हती. वत्सला मोसंबीची साल हातात घेऊन बघत राहिली.

"पंचेचाळीस, मॅडम," मी म्हणालो.

"दोन दिवस?"

"दोन दिवस."

"छोट्यात नऊ ट्रे बसतात."

"आधी नऊ घातले, मग नऊ."

"मंगळवारी घातले होते ना? म्हणजे गुरुवारी पहिले निघाले. दुसरे उद्या निघायला पाहिजेत." ती वत्सलाकडे वळली. "वत्सू, आज वार काय?"

"शुक्रवार, ताई."

मी तक्त्याकडे बघत होतो. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कण्हत होती, तिची सून पंख्याने वारा घालत होती. हेमलताने हात पुढे केला.

"पेन द्या."

मी दिलं. तक्ता तिच्या मांडीवर पुठ्ठ्यावर धरला. सहीच्या जागेवर तिने सही केली नाही. दहा ते अठरा या ओळींच्या बाजूला लिहिलं, "पुन्हा. ४५ अंश." अक्षरं तिची वाटतच नव्हती.

"फ्रीजमधलं सगळं गेलंय, तुमचं तोंड सांगतंय. वाफ्यात कळ्या नाहीत ना अजून?" तिने विचारलं.

"नाहीत."

"मग उद्या सकाळी कापा. छोट्यात घाला. यावेळी समिती चुकली तर पुढच्या वर्षी." मग माझा हात धरून म्हणाली, "अहो, मी रागावले नाही. तुम्ही माझ्यासाठी पळत आलात, कळतंय मला. पण मला खरा आकडा पाहिजे. तीनच्या वर आला तरी मला सांगा."

"सांगतो."

"नक्की?"

"नक्की."

"लपवू नका हां. तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

शनिवारी उजाडताच मी विळा आणि पिशव्या घेऊन वाफ्यात गेलो. चौदा नंबरपाशी उभा राहिलो. दव होतं. पानं कोवळी होती, कळी कुठेच नव्हती. हेमलता नवीन माणसाला नेहमी पान चावायला लावायची. म्हणायची, मशीनच्या आधी जिभेला विचारा. उगले साहेबांना एकदा अकरा नंबर चावायला लावून त्यांचं तोंड वाकडं केलं होतं तिने. मी चौदाची पाच-सहा पानं खुडून चावली. जीभ टाळूला चिकटली. गालांच्या आतली कातडी आकसली. थुंकलो, पाणी प्यालो, तरी जाईना.

मी बांधावर बसलो. कापलं असतं तर आकडा तीनच्या वरच आला असता, असं मला तेव्हा वाटलं. चौदा नंबर गेला असता आणि त्याच्याबरोबर तिचं नाव. बावीस वर्षं नोकरी करून तिचं नाव कशावरही छापलं गेलं नव्हतं. आणि पुढच्या वर्षी, असं ती म्हणाली होती.

विळा तसाच घेऊन मी प्रयोगशाळेत आलो. कपाटातून कोरा तक्ता काढला. अठराही आकडे नीट उतरवले. बाजूला काही लिहिलं नाही. अकरा वर्षं मी तिच्या सह्या बघत होतो, रजिस्टरवर, पावत्यांवर, माझ्या रजेच्या अर्जावर. "हे. र. भोईटे", आणि खाली एक रेघ. ती सही मी केली. दोनदा कागदावर सराव करून, मग तक्त्यावर.

साहेबांनी तक्ता बघितला. "हात कापतोय त्यांचा," ते म्हणाले.

"हो, साहेब."

"माझा नमस्कार सांगा. म्हणावं, वाण त्यांचाच आहे."

तिने "पुन्हा" लिहिलेला तक्ता मी खिशात घालून दवाखान्यात गेलो. ती फारशी बोलत नव्हती. श्वास घेताना छातीत घरघर व्हायची. पाणी मागितलं, वत्सलाने चमच्याने दिलं.

"कापलं?" तिने विचारलं.

"कापलं."

"छोट्यात?"

"छोट्यात."

"सोमवारी कळेल मग."

"सोमवारी," मी म्हणालो.

"चावून बघितलं का?"

"नाही."

तिला हसायचं होतं असं वाटलं, पण खोकला आला. नंतर ती झोपली. रविवारी सकाळी दहाला ती गेली. साहेब त्या वेळी पुण्याच्या वाटेवर होते.

समितीने चौदा नंबर मान्य केला. पुढच्या वर्षी तो शेतकऱ्यांना दिला. माहितीपत्रकावर तिचं नाव दुसरं आहे, त्याच्या आधी "कै." आहे. साहेबांनी कार्यक्रमात मला हार घातला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मला बोलता आलं नाही. लोकांना वाटलं, दुःखाने.

तेराव्याला वत्सलाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "दाजी, ते परत कापलेलं किती निघालं?"

"दोन पॉइंट सात," मी म्हणालो.

ती रडायला लागली. म्हणाली, "ताई म्हणालीच होती."

याला आता एकोणीस वर्षं झाली. मी निवृत्त होऊन आठ. मागच्या मार्गशीर्षात बाजारात एक शेळीवाली बाई भेटली. मी केंद्रात होतो हे कोणीतरी तिला सांगितलेलं. म्हणाली, "दादा, तुमचा तो चौदा नंबरचा चारा बांधावर लावलाय मी. पाला लई येतो. पण शेळ्या दोन दिवस खातात आणि तिसऱ्या दिवशी तोंड फिरवतात. मालकीण म्हणून माझीच लाज काढतात. आमचंच काही चुकतंय का?"

मी म्हणालो, "नाही बाई. तुमचं काही चुकत नाही." ती पाया पडून गेली.

उगले साहेब वारले. मोठा ओव्हन भंगारात गेला, छोटा कुठे आहे माहीत नाही. नवीन माणसांना त्या वर्षीच्या तक्त्याशी काही देणंघेणं नाही. तिच्या हातचा, "पुन्हा" लिहिलेला कागद माझ्याजवळ आहे. मी तो कोणाला दाखवलेला नाही. वत्सलालाही नाही.

दहा ते अठरा या नऊ वाणांची पानं पंचेचाळीस अंशाला वाळवून मोजायची होती. ती अजून मोजलेली नाहीत.